वसतिगृहातील विद्यार्थी खचलेला दिसल्यास शिक्षकांनी काय करावे
तासांना अचानक गैरहजर राहू लागलेल्या, मेसमध्ये जेवण टाळणाऱ्या किंवा आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणाऱ्या विद्यार्थ्याला चारचौघांत न हटकता एकांतात भेटावे आणि मध्ये न तोडता त्याचे ऐकावे. आत्महत्येचे विचार येतात का, हे स्पष्टच विचारावे. विचारल्याने ते बळावतात ही भीती निराधार आहे. त्याने तसे ठरवले असल्यास क्षणभरही एकटे सोडू नये, घातक वस्तू दूर कराव्यात, ११२ वर मदत मागवावी. एरवी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतूनही समुपदेशन मिळते. गुप्ततेचे सरसकट वचन मात्र देऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार, अन्यथा सिद्ध न झाल्यास, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते; त्यामुळे पोलिस कारवाईच्या किंवा महाविद्यालयाच्या बदनामीच्या धास्तीने उपचारांत चालढकल करू नये.