दोनशिक्षकी शाळेत टच बोर्ड: बसवणं, वापरणं, जपणं

जिल्हा परिषदेच्या शाळेत टच बोर्ड आला की आधी त्यावर बालगीतं लागतात. तेवढ्यासाठी साधा टीव्हीही पुरतो. खडूचा फळा कमी पडतो तिथे या बोर्डाचं काम सुरू होतं. काढलेलं सरकवता येतं, एकच चुकलेली रेघ मागे घेता येते, आजचं पान उद्या जसंच्या तसं उघडतं. हा फायदा पोरांचा हात बोर्डापर्यंत पोचला तरच मिळतो, म्हणून आधी उंची ठरवा.

पहिली ते चौथीची पोरं बस्करपट्टीवर बसत असतील तर ६५ इंची पॅनलची, म्हणजे या बोर्डाची, खालची कड जमिनीपासून सव्वादोन फुटांवर ठेवा. वरची कड साधारण पाच फुटांवर येते. मोठ्यांच्या सोयीने साडेतीन फुटांवर टांगलेला बोर्ड लहानग्यांना फक्त बघायलाच उरतो. भिंत जुनी, पोकळ वाजणारी असेल तर खिळ्या-स्क्रूच्या भरवशावर राहू नका, चाकांचा स्टँड घ्या. खिडकीचं ऊन पडद्यावर येऊ देऊ नका. बऱ्याच पॅनलच्या चौकटीत अवरक्त किरणांचे सेन्सर असतात. त्यांच्यावर थेट ऊन किंवा खडूची धूळ आली की बोट न लावताच रेघा उमटतात. अशा वेळी मेकॅनिकला फोन करण्याआधी चौकटीची आतली कड कोरड्या मऊ फडक्याने पुसा. खडूचा फळा त्याच भिंतीवर नको.

लाईनचा प्रश्न मोठा. पॅनल साधारण २०० वॅट घेतं असं धरा. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत १८०० वॅट-तास असतात; त्यातले निम्मेच वापरावेत, म्हणजे इन्व्हर्टरची तूट जाऊन साडेतीन तास मिळतात. त्याच इन्व्हर्टरवर पंखे टाकले की हा हिशोब कोसळतो.

अर्थिंगकडे मात्र कुणी बघत नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, अर्थिंग मरतं. मग टच थरथरतो, चौकटीला हात लावला की झिणझिण्या येतात. झिणझिण्या आल्या की बोर्ड बंद करा, वायरमनकडून अर्थ आणि न्यूट्रलमधला व्होल्टेज मोजून घ्या आणि तोवर पोरांना हात लावू देऊ नका. फेब्रुवारीपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. आभाळ भरून आलं की वीज कडाडायच्या आधीच प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता शिकवणं. नद्यांचा पाठ घ्या. ओपनबोर्ड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, महाराष्ट्राचा कोरा नकाशा पानावर आणा आणि तो पार्श्वभूमी म्हणून बसवा. नाहीतर बोटासोबत नकाशाच सरकतो. एकाने निळ्या रंगाने मुलताईकडून वर्धा आणायची, दुसऱ्याने बुलडाण्याकडून पैनगंगा आणून वर्धेत मिळवायची, तिसऱ्याने उत्तरेकडून वैनगंगा उतरवायची. वर्धा-वैनगंगा जिथे भेटतात तिथून पुढे रंग बदला: ती प्राणहिता, सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. रेघ चुकली तर तेवढीच मागे घ्या. पान साठवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच नद्यांवर गावं भरून घ्या.

भूमितीला जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवता येणारं सॉफ्टवेअर. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा: कोनांची बेरीज वाढेल, घटेल की तीच राहील? मग ओढा. अंदाज न लिहून घेता ओढलं तर ती नुसती गंमत होते. एक इयत्ता बोर्डावर असताना उरलेली इयत्ता वहीत सोडवत असते, आणि दहा मिनिटांनी अदलाबदल. दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या गुरुजींना, बाईंना याचा आधार फार.

मेळघाटात कोरकू, भामरागडकडे माडिया बोलणारी पोरं पहिलीत येतात. चित्राशेजारी त्यांच्याच आवाजात त्यांचा शब्द रेकॉर्ड करून ठेवा, खाली मराठी शब्द लिहा. बाजारात असं साहित्य सहज मिळत नाही. ते वर्गातच बनवावं लागतं, आणि ते बनवण्यासारखं आहे.

नेटवर भरवसा नको. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधले घटक, बालभारतीची पुस्तकं आणि फेट (PhET) या संकेतस्थळावरचे पडद्यावर करायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग तालुक्याला गेल्यावर डाउनलोड करून पेनड्राइव्हने बोर्डात टाका.

उन्हाळी सुट्टीत पॅनलवर सुती चादर टाका. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरा आणि शाळेजवळ राहणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्याकडे किल्ली द्या. दर पंधरा दिवसांनी इन्व्हर्टर चालू करून बॅटरी पूर्ण चार्ज झाली पाहिजे. रिकामी पडून राहिलेली बॅटरी जूनमध्ये उठत नाही.