मकतबातला धडा आणि घरातली रीत यांत मुलाला विसंगती दिसली तर

जुन्या नाशिकमधल्या कोकणीपुरा किंवा जोगवाड्यात वाढणारे मूल मकतबात (मुलांना कुराण आणि दीन शिकवणाऱ्या शाळेत) जे शिकते, त्याच्या उलट घरात घडताना पाहते आणि एक दिवस त्याबद्दल विचारते. अशा वेळी "मोठ्यांना उलटे बोलू नये" असे म्हणून त्याला गप्प करू नये. घरातली ती गोष्ट कुराण-हदीसमधून (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) आली आहे, खानदानाच्या रिवाजातून आली आहे, की केवळ आपल्या सोयीची आहे, हे आधी स्वतःशी ठरवावे आणि मुलाला तसेच सांगावे.

रमजानमध्ये रोजा दोघांचाही असतो, पण मुलगी अम्मीबरोबर सेहरी (रोज्याआधीचे पहाटेचे जेवण) रांधायला उठते आणि मुलाला ताट वाढल्यावर उठवले जाते. हा निव्वळ रिवाज आहे. पैगंबर घरी असताना घरकामात हातभार लावत, अशी त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांची हदीस बुखारी या हदीससंग्रहात आहे. ती मुलाला सांगावी आणि त्याच दिवसापासून भांडी त्याच्याकडे सोपवावीत. (नुसते दस्तरखान, म्हणजे जेवणाचे कापड, अंथरणे हे काम धरू नये.)

खरी कसोटी वारशाची. कुराणाच्या सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला असूनही, नमाज-रोजा कसोशीने पाळणाऱ्या घरांतही बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेतल्या जातात, आणि "तिने राजीखुशीने सोडले" असे मुलांसमोर सांगितले जाते. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला राजीखुशी म्हणू नये. ही आपली सोय आहे, हे मुलांसमोर मान्य करावे.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड असतो: मुलीला भावाच्या निम्माच हिस्सा का? इथे रिवाजाकडे बोट दाखवता येत नाही, कारण ते कुराणातच आहे. मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) आणि कुटुंबाचा खर्च पुरुषावर असतो, हे उलेमांचे (धर्मपंडितांचे) स्पष्टीकरण सांगावे; पण कमावत्या आईच्या मुलीला ते पटले नाही, तर तिच्या ईमानावर शंका घेऊ नये. हयातीत मुलांना काही देताना त्यांच्यात न्याय करा, अशी हदीस आहे आणि अनेक उलेमा त्याचा अर्थ समान वाटप असा घेतात. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलगा-मुलीला हयातीतच सारखा हिबा (बक्षीस म्हणून मालमत्ता देणे) करावा. मात्र ताबा दिल्याशिवाय हिबा पुरा होत नाही, त्यामुळे कागद करून कपाटात ठेवू नये आणि वकिलाकडे जाताना मुलीलाही सोबत न्यावे.