मोटारसायकल नेमकी कुठे बनली: शोधावे कसे आणि त्याला महत्त्व किती द्यावे

गाडी कुठल्या देशाची, याचे उत्तर बहुतेक जण टाकीवरच्या नावावरून देतात. ते उत्तर पुष्कळदा अपुरे असते, कारण आराखडा, इंजिन, फ्रेम, ब्रेक आणि अखेरची जुळणी या गोष्टी वेगवेगळ्या देशांत होऊ शकतात. १९९३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू एफ ६५० चे इंजिन ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनी बनवत असे, गाडीची जुळणी इटलीतील नोआले येथे एप्रिलियाच्या कारखान्यात होत असे आणि विक्री मात्र जर्मन नावाने होई. पुढे आलेल्या एफ ८५० जीएसची जुळणी बर्लिनमध्ये झाली, पण तिची इंजिने चीनमधील लॉन्सिन कंपनीकडून येत. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, इंजिनाचा उगम, फ्रेमचा उगम की शेवटचा बोल्ट कुठे आवळला गेला ते, हे स्वतःशी ठरवून घ्यावे.

निर्मिती म्हणजे क्रँककेस (इंजिनाचे बाहेरचे कवच) ओतणे, क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) घडवून त्याचे मशिनिंग करणे, गियरच्या दात्यांना उष्णतेची प्रक्रिया देऊन कठीण करणे, फ्रेमच्या नळ्या वेल्ड करून रंगवणे. जुळणी म्हणजे असे तयार भाग एकत्र आणून गाडी उभी करणे. या दोहोंच्या मध्ये बराच मोठा पट्टा आहे. संपूर्ण तयार आलेल्या गाडीला व्यापारात सीबीयू म्हणतात, पूर्ण सुट्या भागांच्या संचाला सीकेडी आणि अर्धवट जोडलेल्या संचाला एसकेडी. मात्र केवळ ही अक्षरे ऐकून समाधान मानू नये, कारण सीकेडी म्हणवणाऱ्या एका कारखान्यात फ्रेमचे वेल्डिंग आणि रंगकामही होत असते, तर दुसऱ्यात खोक्यातून निघालेले भाग फक्त बसवले जातात. ब्राझीलमधील मानाउस शहरात हा फरक ठळकपणे दिसतो. होंडा तेथे १९७६ पासून गाड्या बनवते आणि ओतकामासह बरेचसे काम स्वतः करते; त्याच शहरात इतर काही कंपन्या प्रामुख्याने बाहेरून आलेल्या संचांची जुळणी करतात. दोन्हींवर ‘मानाउस’ असेच लिहिलेले असते.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. सर्वांत आधी चासी नंबर पाहावा. तो बहुधा हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर उजव्या बाजूस कोरलेला असतो आणि नोंदणीच्या कागदावरही असतो. तो १७ वर्णांचा असून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत, त्यामुळे गोल दिसणारे चिन्ह शून्यच समजावे. पहिले अक्षर प्रदेश दाखवते: जे म्हणजे जपान, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, झेड म्हणजे इटली, एल म्हणजे चीन, १, ४ आणि ५ हे आकडे अमेरिकेचे. एम हे अक्षर भारत, इंडोनेशिया, थायलंड अशा अनेक देशांत वाटले गेले आहे, म्हणून तेथे दुसरे अक्षरही वाचणे आवश्यक ठरते. येथे एक सावधगिरी बाळगावी. पहिली तीन अक्षरे उत्पादक म्हणून नोंदलेल्या कंपनीची ओळख सांगतात. ती कंपनी दुसऱ्या देशातल्या कारखान्यात गाडी तयार करून घेत असेल, तरी नंबराच्या सुरुवातीला तिच्या स्वतःच्या देशाचे अक्षर असू शकते. या तीन अक्षरांवरून ठाम निष्कर्ष काढणे ही या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे.

कारखान्याचा खरा संकेत पुष्कळदा अकराव्या स्थानी असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ते स्थान कारखान्यासाठी वापरणे बंधनकारक आहे, आणि तेथील महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या मोफत डिकोडरमध्ये नंबर टाकल्यास कारखान्याचा देश आणि बऱ्याचदा शहरही कळते. इतर बाजारपेठांसाठी बनलेल्या गाडीच्या बाबतीत या स्थानाचा अर्थ कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर अवलंबून असतो, म्हणून त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे किंवा कंपनीच्या ग्राहक विभागाला चासी नंबर देऊन लेखी विचारणा करावी. लेखी उत्तराचा आग्रह धरावा, कारण काउंटरवरचे तोंडी उत्तर पुष्कळदा विक्रेत्याच्या समजुतीवर बेतलेले असते.

त्यानंतर गाडीच्या अंगावरच्या खुणा पाहाव्यात. इंजिन नंबर वेगळा असतो आणि इंजिन दुसरीकडून आले असेल तर त्याची मांडणीच निराळी दिसते. ब्रेक कॅलिपर, शॉक ॲब्सॉर्बर, वायरिंगचे जोड, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेट्या यांवर पुरवठादाराचे नाव आणि कित्येकदा देशही छापलेला असतो. तेथेही नावाने फसू नये, कारण ब्रेंबो ही इटालियन कंपनी असली तरी तिचे कारखाने पोलंड, चीन आणि भारतातही आहेत. सुट्या भागांच्या वेष्टनावर उगमाचा देश छापलेला असेल, तर त्यावरून बरेच काही उलगडते.

जाहिरातीतील शब्द शांतपणे वाचावेत. ‘अमुक देशात आराखडा केलेली’ किंवा ‘अमुक देशाच्या अभियांत्रिकीची’ या वाक्यांत बनावटीबद्दल काहीही सांगितलेले नसते. अमेरिकेत ‘मेड इन यूएसए’ असा निरपवाद दावा करायचा असेल, तर वस्तू संपूर्णपणे किंवा जवळजवळ संपूर्णपणे तेथे बनलेली असावी, अशी तेथील व्यापार आयोगाची अट आहे; ‘असेंबल्ड’ या शब्दाला इतकी कडक अट नाही. तेथे नव्या मोटारींवर देशी भागांचे प्रमाण लिहिणारी पट्टी लावणे सक्तीचे आहे, परंतु मोटारसायकलींना तो कायदा लागू नाही. दुचाकीच्या ग्राहकाला हा शोध स्वतःच करावा लागतो, आणि हा अन्याय आहे असे मला वाटते.

गाडी कुठली, हा प्रश्न कायद्यालाही सोपा नाही. जून २०१८ मध्ये युरोपीय संघाने अमेरिकी मोटारसायकलींवरील आयात शुल्क ६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर नेले. हार्ले-डेव्हिडसनने युरोपला जाणाऱ्या गाड्यांची जुळणी थायलंडमधील आपल्या कारखान्यात हलवली आणि बेल्जियमच्या सीमाशुल्क खात्याने त्या थायलंडच्या उगमाच्या असल्याचे मान्यही केले. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये तो निर्णय मागे घ्यायला लावला. एखाद्या वस्तूचा उगम तिच्यावरील शेवटच्या महत्त्वाच्या आणि आर्थिकदृष्ट्या समर्थनीय प्रक्रियेवरून ठरतो, आणि शुल्क टाळणे हाच स्थलांतराचा मुख्य हेतू असेल तर ती प्रक्रिया समर्थनीय मानता येत नाही, अशी आयोगाची भूमिका होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे गाडी थायलंडमध्ये उभी राहिली, तरी सीमाशुल्काच्या दृष्टीने ती अमेरिकेचीच राहिली. जुळणीचे ठिकाण पुष्कळदा शुल्काच्या हिशेबातून निवडले जाते, हे लक्षात ठेवले की ‘तेथे बनली म्हणून वाईट’ किंवा ‘येथे बनली म्हणून उत्तम’ हे तर्क लंगडे पडतात.

मग याला महत्त्व किती द्यावे? गुणवत्तेच्या बाबतीत देशाच्या नावाला कमीच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बीएमडब्ल्यूची जी ३१० मालिका तमिळनाडूतील होसूरला टीव्हीएसने बनवली, केटीएमच्या ३९० ड्यूक चाकणला बजाजने बनवल्या, आणि या गाड्या युरोपात विकायच्या तर त्यांना तेथल्या मान्यतेच्या कसोट्या पार कराव्या लागल्याच. होंडा गोल्ड विंग १९८० पासून जवळजवळ तीन दशके अमेरिकेतील मेरिसव्हिल येथे बनत होती आणि नंतर जपानमधील कुमामोतो येथे गेली. तिची प्रतिष्ठा दोन्हीकडे टिकली. स्वस्त मॉडेलमध्ये जे उणे दिसते ते बहुधा ठरवून दिलेल्या खर्चामुळे असते: समायोजन नसलेले सस्पेन्शन, साधे नट-बोल्ट, पातळ रंग. त्याच आराखड्याची त्याच खर्चाची गाडी दुसऱ्या देशात बनवली असती तरी या गोष्टी तशाच राहिल्या असत्या.

शिवाय जुळणी हा कायमचा दर्जाही नसतो. १९५५ मध्ये मद्रासला रॉयल एनफिल्डची जुळणी इंग्लंडहून आलेल्या भागांतून सुरू झाली, हळूहळू भागही तेथेच बनू लागले, आणि इंग्लंडमधील रेडिचची मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली. आज प्रवाह उलटा आहे: तमिळनाडूतून गेलेल्या संचांची जुळणी अर्जेंटिना, कोलंबिया, ब्राझील आणि थायलंडमध्ये होते.

कारखान्यापेक्षा अधिक बारकाईने पाहावी अशी जुळणी डीलरकडे होते. गाडी पेटाऱ्यातून येते तेव्हा पुष्कळदा पुढचे चाक, हँडल, आरसे आणि बॅटरी सुटी असते. ताब्यात घेताना पुढच्या ॲक्सलचे आणि हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळले आहेत का, चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे आहे का, हँडल दोन्ही टोकांना वळवताना वायर किंवा ब्रेकची नळी ताणली जाते का आणि टायरमधील हवा किती आहे, हे समोर उभे राहून तपासून घ्यावे. डिलिव्हरीपूर्व तपासणीचा भरलेला तक्ता मागून घ्यावा.

उगमाला खरे महत्त्व येते ते सुट्या भागांच्या वेळी. एकाच नावाच्या गाडीच्या दोन बाजारांसाठीच्या आवृत्त्यांत कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शनची मांडणी, सायलेन्सर, दिवे आणि वायरिंग वेगळे असू शकते, आणि मॉडेल वर्षावरून मागवलेला भाग मग बसत नाही. म्हणून भाग नेहमी चासी नंबरावरूनच मागवावा. दुसऱ्या देशातून आलेली जुनी गाडी घेताना त्याच नंबरावरून तिच्यासाठी कुठली रिकॉल मोहीम (दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) निघाली होती का, ती पूर्ण झाली का आणि वॉरंटी आपल्या देशात चालते का, याची विचारणा पैसे देण्याआधी करावी. एखाद्याला आपल्या पैशातून विशिष्ट ठिकाणच्या कामगारांच्या हाताला काम मिळावे असे वाटत असेल, तर तेही पूर्णपणे योग्य कारण आहे. अशा वाचकाने जुळणीच्या पाटीवर न थांबता, इंजिन आणि फ्रेम कुठे बनतात हे कंपनीच्या वार्षिक अहवालातील कारखान्यांच्या यादीत पाहावे.