अल्बमचं कव्हर करायला घेताय? आधी नावातली अक्षरं बघा, फोटो नंतर शोधा

मराठी गाण्यांची कव्हरं करायचं काम मी पुण्यात राहून करते, अभंग, भावगीतं, गझल, रॅप, लहान मुलांची गाणी असं सगळंच येतं, आणि ह्या कामात नव्याने येणारी मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, ताई कोणता फॉन्ट वापरू? म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

फॉन्टचं नाव मी लगेच सांगत नाही. आधी अल्बमचं नाव कागदावर मोठ्ठं लिहा आणि त्यात अक्षरं कोणती आहेत ते बघा. समजा नाव आहे ‘वाऱ्याची वेळ’. ह्यात उकार कुठेच नाही, म्हणजे पहिल्या ओळीच्या खाली काही लोंबत नाही, म्हणजे ‘वेळ’ दुसऱ्या ओळीत घेतलं तर ती ओळ बरीच वर सरकवता येते, फक्त ‘वे’ची मात्रा वर कुठे जाते तेवढं बघायचं. पहिल्या शब्दात काने आणि वेलांटी मिळून उभ्या दांड्यांची रांग झालीये तर तिथे एक लय आपोआप मिळते. आणि शेवटी ‘ळ’, दोन गोल पोटं असलेलं अक्षर, जाड फॉन्टमध्ये ती पोटं बुजतात आणि मोबाईलवर कव्हर नखाएवढं दिसतं तेव्हा ‘ळ’चा नुसता काळा गोळा होतो. एवढं बघितलं की अर्धे फॉन्ट आपोआप बाद होतात, आणि हे नावागणिक बदलतं. ‘धुकं’ नावाच्या अल्बमला वरचं काहीच लागू नाही, तिथे उकार आहे, अनुस्वार आहे, हिशोबच वेगळा.

मग ‘ऱ्या’. ही मराठीची खास भानगड आहे आणि इथे भरपूर फॉन्ट आपटतात. ‘ऱ्य’मधला तो पापणीसारखा र फॉन्टमध्ये बनवलेलाच नसेल तर तिथे रफार येतो नाहीतर पाय मोडलेला र तसाच दिसतो, आणि ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर डोंगरातलं गाणं थेट समुद्रात जातं. मी फॉन्ट डाउनलोड केला की पहिल्यांदा एक ठरलेली ओळ टाइप करून बघते ज्यात ऱ्य, ऱ्ह, ळ, ॲ, ऑ, ज्ञ, क्ष, द्ध, श्र, ष्ट्र आणि रु, रू हे सगळं असतं. तुम्हीही अशी एक ओळ बनवून ठेवा. ‘ॲ’ जुन्या फॉन्टमध्ये हमखास गायब असतो, आणि ‘ॲकॉस्टिक’ असं लिहायची वेळ संगीतात रोज येते.

ल आणि श पण बघा. मराठी ल दोन पाकळ्यांचा आणि हिंदी छपाईतला ल वेगळा, तसंच श चंही. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय आपलं रूप दिसतच नाही. ‘विठ्ठल’ लिहिताना हे माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. लोकांना कारण सांगता येत नाही, पण हे आपलं वाटत नाही एवढं त्यांना नक्की कळतं.

सॉफ्टवेअरवरून आठवलं, वेलांटी उलट्या बाजूला दिसत असेल किंवा जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्टला नावं ठेवू नका, टाइपच्या प्रेफरन्समध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय बंद असतो तो चालू करा. आणि अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, वाढवू नका. इंग्रजी कव्हरवर अक्षरं लांब लांब ठेवली की भारी दिसतं, देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यात तुटते. अगदीच मोकळं हवं असेल तर अक्षरांचे आउटलाइन करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे साधे आकार करा, आणि रेष स्वतः जोडा, नाहीतर शिरोरेषा नसलेलं अक्षरांकन करा.

आता नावं. एक टाइप ह्या मुंबईच्या ग्रुपचे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि मनापासून केलेले आहेत. मुक्त हा बारीक मजकुरासाठी माझा कायमचा, गायक, संगीतकार, कवी यांची नावं त्यातच टाकते. मोदक इतका गुबगुबीत आहे की बडबडगीतांना गोड दिसतो आणि विरहाच्या गाण्याला अजिबात चालत नाही. बलू चांगलाय पण हल्ली जाहिरातींत इतका दिसतो की गाण्याच्या आधी डिस्काउंटच आठवतो, म्हणून मी टाळते. जैनी हा १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून केलेला आहे, जुन्या रचनांना शोभतो. पुढचे दोन ह्या ग्रुपचे नाहीत पण तिथेच मिळतात. यात्रा वनमध्ये मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आठवण आहे, शहरातल्या गाण्यांना मस्त. आणि टिरो देवनागरी मराठी, पुस्तकासारखा शांत, भावगीत-गझलेला मी पहिल्यांदा हाच लावून बघते. ह्यातले बहुतेक ओपन फॉन्ट लायसन्सवाले आहेत म्हणजे विकायच्या अल्बमवरही बिनधास्त वापरता येतात, पण लायसन्सची फाइल उघडून वाचायची सवय लावा. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फॉन्ट वापरू नका.

पण खरं सांगू का, नाव छोटं असेल तर फॉन्ट कशाला, हाताने लिहा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांसाठी केलेली अक्षरं शोधून बघा, २०२० मध्ये ते गेले, पण पेपरातल्या नाटकाच्या जाहिरातीत नुसत्या नावावरून नाटक गंभीर आहे की हलकंफुलकं हे कळायचं. फोटोची गरजच नाही. अल्बमचं कव्हर म्हणजे तेच काम आहे. ब्रश, बोरू, आइस्क्रीमची काडी, जे मिळेल त्याने नाव खूप वेळा लिहा, त्यातलं एक निवडा, स्कॅन करा, साफ करा. हे शिकायला कॉलेजच लागतं असं नाही, रोजचा हात लागतो.

फोटोकडे मी इतक्या उशिरा येते कारण मराठी नावाला शिरोरेषा आहे, म्हणजे कव्हरवर एक ठळक आडवी रेष आधीच ठरलेली असते. फोटोत पण क्षितिज, कट्टा, खिडकीची चौकट अशी आडवी रेष तिच्या जवळपास आली की दोघी भांडतात, डोळा नक्की कुठे थांबावा कळत नाही. म्हणून नाव कुठे बसणार ते ठरवून मग तिथे आकाश, भिंत, अंधार असं काहीतरी शांत असलेला फोटो शोधायचा किंवा काढायचा. आधी आवडता फोटो घेऊन नंतर अक्षरं कुठेतरी कोंबायची आणि वाचता यावी म्हणून मागे काळी सावली द्यायची, हे फार बघायला मिळतं आणि मला खरंच वाईट वाटतं, दोन्ही चांगल्या गोष्टी वाया जातात.

दुसरं म्हणजे गाण्यातली नामं शोधू नका. शब्दात वारा आहे म्हणून केस उडणारी मुलगी, पाऊस आहे म्हणून काचेवरचे थेंब, अभंग आहे म्हणून दिवे घाटातली वारी वरून टिपलेली. दिवे घाटाचा फोटो सुंदरच असतो हो, पण शंभर कव्हरांत तो कुणाचा हेच कळत नाही. गाणी ऐका, शब्द न बघता, चाल संथ आहे का, आवाजात खरखर आहे का, किती वाद्यं आहेत. एका गायिकेचे अभंग मी असे ऐकत होते, साथीला फक्त पेटी आणि टाळ, अगदी घरात बसून म्हटल्यासारखे, मग रिहर्सलला जाऊन खिडकीच्या उजेडात पेटीच्या भात्यावरचा तिचा हात तेवढा टिपला, बाकी सगळा काळोख, आणि त्या काळोखात नाव बसलं. विठ्ठल नाही, पताका नाही, आणि तिच्या आईने बघून लगेच म्हटलं की हे आपल्या घरातलंय.

ही युक्ती माझी नाही. ब्लू नोट ह्या अमेरिकन कंपनीचे जुने जॅझ रेकॉर्ड बघा, फ्रान्सिस वुल्फ रेकॉर्डिंगच्या वेळी फोटो काढायचे आणि रीड माइल्स ते निर्दयपणे कापून एखाद-दुसऱ्या रंगात अक्षरांबरोबर मांडायचे. कापायला घाबरू नका एवढं त्यांच्याकडून घ्या.

एआयने बनवलेली चित्रं संगीताच्या कव्हरला देताना वाद्यं तपासा, पखवाज आणि तबल्याची सरमिसळ, भलत्याच जागी निघालेल्या तारा, सहा बोटं. वादक माणूस ते एका नजरेत पकडतो आणि त्याला तो अपमान वाटतो, बरोबरच आहे त्याचं.

गुगलवर सापडला म्हणजे फोटो आपला होत नाही. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या बदलानंतर फोटोवर फोटोग्राफर असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढे ६० वर्षं हक्क असतो, तेव्हा जुन्या गायकांचे फोटो ‘जुनेच आहेत’ म्हणून उचलू नका, फोटोग्राफर किंवा घरच्यांकडून लेखी घ्या. फुकट स्टॉक फोटो चालतात, पण तोच फोटो उद्या दुसऱ्याच्या अल्बमवर दिसू शकतो.

मापं पटकन सांगते. गाणी ऐकायच्या ॲप्ससाठी चौकोनी ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबीमध्ये म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, ॲप्सवर गाणी चढवून देणारे बहुतेक सगळे डिस्ट्रिब्युटर हेच मागतात. सीडीचं पुस्तक १२ सेंटीमीटरचं. कुणी जुन्यासारखी मोठी एलपी रेकॉर्ड काढणार असेल तर ३००० पुरत नाहीत, साधारण साडेएकतीस सेंटीमीटरच्या कव्हरला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३७०० च्या वर लागतात, शिवाय कडेला कापायची जागा, म्हणून मी मूळ फाइल सुरुवातीपासून ४००० चीच ठेवते. यूट्यूबसाठी आडवं वेगळं करा आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे वेळेचा आकडा बसतो.

कव्हर परत येतं ते बहुतेक वेळा लिखाणामुळे. आपल्याकडे कलाकारांना बुकिंगचा नंबर, इन्स्टाचं हँडल, सौजन्य म्हणून दुकानाचा लोगो हे सगळं कव्हरवर हवं असतं, आणि ॲप्सना ह्यातलं काही चालत नाही. शिवाय कव्हरवरचं नाव आणि फॉर्ममध्ये भरलेलं नाव सारखंच लागतं, तेव्हा फॉर्म भरणाऱ्याकडून नाव टाइप केलेलं मागवा, ते युनिकोडमध्येच, आणि कॉपी-पेस्ट करा. ऱ्हस्व-दीर्घ मात्र कवीकडून तपासून घ्या, गायकाकडून नाही.

पैशांचं म्हणाल तर निम्मे आधी घ्या, किती बदल फुकट ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहा, आणि श्रेयनामावलीत ‘कव्हर’ आणि ‘अक्षरांकन’ अशी दोन वेगळी नावं लिहायला सांगा, दोन्ही तुम्हीच केलं असलं तरी.