७४२ कादंबऱ्यांच्या लेखकाची सूची कशी करावी

जळगाव, धुळे किंवा भुसावळ येथील एखाद्या जुन्या वाचनालयाचे कपाट आवरताना मुखपृष्ठ निखळलेल्या रहस्यकथांचा गठ्ठा हाती लागला, तर तो रद्दीत देण्यापूर्वी त्याची सूची अवश्य करावी. भरमसाट लिहिणाऱ्या लेखकाची सूची कोठे फसते, हे समजण्यासाठी जर्मन लेखक जी. एफ. उंगर यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ येथे जन्मलेल्या आणि २००५ मध्ये निवर्तलेल्या उंगर यांच्या नावावर अमेरिकी गुराख्यांच्या जगातील, म्हणजे ‘वेस्टर्न’ प्रकारातील ७४२ कादंबऱ्या नोंदल्या जातात, आणि त्यांचा खप २५ कोटी प्रतींहून अधिक सांगितला जातो.

या दोन आकड्यांची गल्लत करू नये, कारण पहिला आकडा कथांचा आहे आणि दुसरा प्रतींचा. उंगर यांचे बरेच लेखन सुमारे ६४ पानांच्या, पिना मारलेल्या स्वस्त पुस्तिकांतून वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर विकले गेले. भुसावळच्या फलाटावर घ्यावी आणि मनमाड येईपर्यंत बरीचशी वाचून व्हावी, अशा बेताची ती पुस्तिका असते. बास्टाय या प्रकाशनसंस्थेने त्यांच्याच नावाची माला काढून जुन्या कथा पुन्हा छापल्या. त्यामुळे मालेतील क्रमांक हा लेखनाचा क्रम मुळीच नव्हे.

म्हणून प्रत्येक कथेसाठी एक कार्ड करावे आणि तिच्या सर्व आवृत्त्या त्याच कार्डावर उतरवाव्यात. शीर्षक, मालेचे नाव व क्रमांक, प्रकाशकाचा पत्ता, मुद्रणालय आणि किंमत यांच्या जोडीला कथेचे पहिले वाक्य जसेच्या तसे लिहावे. पुनर्मुद्रणात शीर्षक बदलले, तरी बहुधा या वाक्यावरून कथा ओळखता येते. वर्ष छापलेले नसेल, तर किंमत आणि पत्ता यांवरून अंदाज बांधून तो पेन्सिलीने लिहावा.

नावांबाबत विशेष सावध राहावे. जी. एफ. बार्नर हेही जर्मन वेस्टर्नकथांवरचेच नाव आहे, परंतु ते गेरहार्ट बास्नर यांचे टोपणनाव होते. आद्याक्षरे सारखी म्हणून उंगर यांच्या खात्यावर ती पुस्तके घालता येणार नाहीत. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर हे चंद्रकांत सखाराम चव्हाण यांचे लेखननाव असल्याने, कार्डावर दोन्ही नावे हवीत.

खानदेशच्या उन्हाळ्यात जुना वृत्तपत्री कागद हात लावताच तुटतो, तेव्हा पुस्तिका दाबून झेरॉक्स न काढता मोबाइलने छायाचित्र घ्यावे. गंजलेल्या पिना हळूच काढून सुती दोऱ्याने टाका घालावा. चिकटपट्टी लावू नये.

मलपृष्ठावरील ‘आगामी’ पुस्तकांची यादी मोहात पाडते, पण त्यांतील काही पुस्तके कधी निघालीच नसण्याचा संभव असतो. अशी नावे वेगळ्या पानावर ठेवावीत आणि प्रत प्रत्यक्ष हाती आल्यावरच त्यांचे कार्ड करावे.