सुगीत घरात मका आला, पण अंड्यावरच्या कोंबडीचं नुसत्या मक्यावर भागत नाही

दसरा झाला की आपल्याकडं सोयाबीनची मळणी उरकते, मक्याची कणसं अंगणात येतात, बेळगावकडच्या खानापूर भागात भाताच्या कापणीची गडबड सुरू होते, आणि नेमकं ह्याच दिवसात घरोघरी एकच तक्रार, कोंबड्या खातात भरपूर पण अंडी द्यायच्या थांबल्यात. परड्यात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय, मोठ्या फार्मवाल्यांचं गणित वेगळं असतंय.

घरचा मका आहे म्हणून सकाळ-संध्याकाळ ओंजळीनं तोच टाकायचा, हे आधी थांबवा. मक्यात प्रोटीन जेमतेम 8-9 टक्के, शाळूत (रब्बी ज्वारीत) त्याहून जरासं जास्त, आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला 16 ते 18 टक्के तरी लागतं. मग होतं काय, कोंबडी दिसायला गुबगुबीत, कापली तर पोटात पिवळ्या चरबीचा थर आणि अंड्याचा पत्ता नाही. गिरिराजसारख्या वजनदार जातीत हे जास्त होतं. गावठी कोंबडी दिवसभर उकिरड्यावर, बांधाला फिरते, किडं-वाळवी खाते म्हणून तिचं थोडं निभावतं, पण पाऊस संपून रान वाळायला लागलं की तो चारा पण कमी होतो.

प्रोटीनसाठी शेंगपेंड (शेंगदाण्याचं तेल काढून राहिलेली) किंवा सोयापेंड घ्या, दोन्ही निम्मी-निम्मी घातली तर अजून चांगलं. घरचं सोयाबीन घालायचं असेल तर कच्चं अजिबात नको, त्यात पचन अडवणारा घटक असतो, कोंबडीला खाल्लेलं अंगी लागत नाही. कढईत नीट खरपूस भाजा, आतपर्यंत भाजलं पाहिजे, नुसतं वरून करपवून उपयोग नाही, मग भरडून मिसळा.

दहा किलो खाद्य घरी करायचं तर साधारण असं धरा: मका-शाळूचा भरडा 5 किलो, पेंड अडीच किलो, भाताचा कोंडा 1 किलो 400 ग्रॅम, शिंपल्याचा चुरा 800 ग्रॅम, मिनरल मिक्श्चर पाव किलो आणि मीठ 30 ग्रॅमच्या आसपास. कोंडा मिलमधून ताजा आणा, आठ-पंधरा दिवसात खवट वास मारायला लागतो. पूर्ण बांधून ठेवलेल्या कोंबडीला दिवसाला 100-120 ग्रॅम लागतं, फिरणारीला त्याच्या निम्मं संध्याकाळी दिलं तरी चालतं, कारण बाकीचं ती बाहेरून उचलते. दुकानातलं लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, घेतलं तर हा खटाटोप वाचतो, पण मग त्यात परत मूठभर मका टाकून ते पातळ करू नका, पैसे घालून प्रोटीन कमी करण्यात काय अर्थ आहे.

शिंपल्याचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथंच लोक कंजूषपणा करतात. एका अंड्याच्या कवचाला साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं, ते खाद्यातून आलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडातून काढते, मग कवच पातळ, अंडं हातात घेतलं की बोट आत जातं, शेवटी कोंबडीच पायावर बसते. म्हणून खाद्यात चुरा घातलेला असला तरी एका पसरट वाटीत वेगळा ठेवा, जिला पाहिजे ती टोचून खाते. घरातली अंड्याची टरफलं भाजून, बारीक चुरून घातली तरी चालतात, अख्खी टाकली तर अंडं फोडून खायची सवय लागायची भीती. आणि पिलं, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) असतील तर त्यांना हे लेयरचं खाद्य नको, एवढं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही, अंड्यावर यायच्या तोंडावर बदला.

आता सुगीतला खरा धोका. परतीच्या पावसात भिजलेला मका तसाच पोत्यात भरला की आत बुरशी धरते, वरून दाणा बरा दिसतो, फोडून बघा, कोंबाजवळ काळा-हिरवा दिसला किंवा कुबट वास आला तर तो कोंबडीला घालायचाच नाही. त्यातलं विष, अफलाटॉक्सिन, धुऊन किंवा शिजवून जात नाही. शेंगपेंडीला पण हाच रोग. चार उन्हं चांगली द्या, दाणा दाताखाली कट्कन तुटला पाहिजे, आणि पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. निपाणीकडं घरात तंबाखूची रिकामी पोती पडलेली असतात, त्यात खाद्य भरू नका, निकोटीन कोंबडीला विषच आहे.

दुसरं, रब्बीची पेरणी झाल्यावर शाळूचं, हरभऱ्याचं लाल-गुलाबी औषध लावलेलं बियाणं उरतं, वाया जायला नको म्हणून कुणीतरी कोंबड्यांपुढं टाकतं. थायरम हे बुरशीचं औषध लावलेल्या बियाण्यानं कोंबडी बिनकवचाची, मऊ अंडी द्यायला लागते, आणि ती अंडी आपणच खाणार. पुरून टाका. दिवाळीचा उरलेला चिवडा-शेव पण नको, मीठ फार असतं. सुकट घालायची असेल तर खारवलेली नको, किंवा भिजवून मीठ काढून अगदी थोडी.

हिरव्यात शेवग्याचा पाला, मेथी-कोथिंबिरीचे देठ, अझोला (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं हिरवं) काहीही चालतं, त्यामुळं बलक जास्त पिवळा होतो.

एवढं सगळं करूनही अंडी कमी असतील तर लगेच खाद्याला दोष देऊ नका. ह्या दिवसात दिवस लहान होतो, 11 तासांवर येतो, कोंबडीला अंड्यासाठी उजेड 14 तासांच्या पुढं लागतो, वर पिसं झाडायचा काळ, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येतात. खुराड्यात पहाटे तीन-साडेतीन तास एक छोटा बल्ब लावा, लाईट गेली तर गेली. पिसं झाडणाऱ्या कोंबडीला मात्र बल्बपेक्षा पेंड थोडी वाढवून द्या, दीड-दोन महिन्यात ती परत लायनीवर येते. आणि मान टाकून बसली, हिरवी पातळ हगवण लागली तर खाद्य बदलत बसू नका, तिला वेगळी ठेवून गुरांच्या दवाखान्यात दाखवा.