चिलिकाला जाताय? वाळूसाठी एक दिवस जास्त ठेवा

ओडिशातल्या चिलिका सरोवराला मी दोनदा गेले. पहिल्यांदा टूरबरोबर. पुरीहून बाराला बस सुटली, दीडच्या उन्हात होडीत बसलो. डॉल्फिनची एक पाठ दिसली न दिसली तोच भोवती सात होड्या जमल्या आणि प्रत्येकीत कुणीतरी "तो बघ, तो बघ" ओरडत होतं. दुसऱ्यांदा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन गेले. त्यांची हयात दाभोळच्या खाडीत होडी हाकण्यात गेली, त्यामुळे त्यांची नजर पाण्यापेक्षा वाळूवर जास्त. पुढे लिहिलंय ते बहुतेक त्या दुसऱ्या खेपेचं.

आधी नकाशा बघून घ्या. बंगालचा उपसागर आणि चिलिका यांच्यामध्ये वाळूचा सुमारे 60 किलोमीटर लांब दांडा आहे. तो नसता तर तिथे तळं नसतं, नुसता उथळ समुद्र असता. उत्तरेकडून दया, भार्गवी या महानदीच्या शाखा गोडं पाणी आणतात आणि दांड्यातल्या मुखातून समुद्र आत येतो. म्हणून उत्तरेला जवळजवळ गोडं, मुखाशी खारं आणि मध्ये मचूळ, असं तीन चवींचं हे पाणी. पावसाळ्यात ते साधारण 1,165 चौरस किलोमीटर पसरतं, उन्हाळ्यात 906 वर येतं. एवढा पसारा एका जागेवरून बघून होत नाही. सातपडा समुद्राच्या अंगाला, बालुगाव-बरकुल-रंभा रेल्वेच्या अंगाला आणि मंगळाजोडी उत्तरेच्या दलदलीत. "चिलिका पाहिलं" म्हणणाऱ्यांनी बहुधा यातली एकच जागा पाहिलेली असते.

आमचे चार दिवस असे गेले: पुरीत दोन रात्री, मंगळाजोडीत एक, आणि शेवटी भुवनेश्वर. जायचं ते डिसेंबर-जानेवारीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं तिकीट काढलंत तर चक्रीवादळाच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. नाताळापासून एक जानेवारीपर्यंत आणि कुठल्याही रविवारी सातपड्याला जाऊ नका. संक्रांतीला काळीजाई देवीच्या बेटावर मोठी जत्रा असते. जत्राच बघायची असेल तर जरूर जा, मात्र त्या दिवशी पक्ष्यांचा नाद सोडा.

पुरीहून सातपडा साधारण 50 किलोमीटर. आम्ही पहाटे साडेपाचला गाडी ठरवली होती. सकाळी पाणी आरशासारखं असतं, दुपारी वारा उठला की छोटी होडी हेलकावते आणि लाटांत डॉल्फिनची पाठ ओळखता येत नाही. धक्क्यावर दरांचा फलक असतो, तो आधी वाचा. भाडं पूर्ण होडीचं आणि तासांवर असतं. पैसे ठरवताना तीन गोष्टी तोंडाने बोलून घ्या: किती तास, मुखापर्यंत नेणार की नाही, आणि डॉल्फिन दिसल्यावर इंजिन बंद करणार की नाही. आमचा नावाडी तिसऱ्या अटीवर हसला. आप्पा मोडक्या हिंदीत त्याला म्हणाले, "भाईना, मैं भी होडीवाला." त्यानंतर तो आमच्याशी पर्यटकासारखा वागलाच नाही. भाईना म्हणजे ओडियात थोरला भाऊ. लाइफ जॅकेट मात्र आप्पांनी मागूनसुद्धा नुसतं मांडीवर ठेवलं होतं. तुम्ही अंगात घाला.

हे डॉल्फिन इरावती जातीचे. टीव्हीवर बघितलेले चोचवाले, उंच उड्या मारणारे हे नव्हेत. डोकं गोल, पाठीवरचा पर लहान. वर येऊन श्वास घेतात आणि हळूच खाली जातात. चिलिकात ते दीडशेच्या आसपास आहेत आणि बरेचसे सातपड्याकडच्या समुद्राला जोडणाऱ्या पट्ट्यात राहतात. पाठलाग केलात तर दूर निघून जातात. इंजिन बंद करून दहा मिनिटं गप्प बसलात तर फुस्स असा आवाज आधी कानावर येतो आणि मग पाठ दिसते. आम्हाला अकरा वेळा दिसली. अर्थात तोच डॉल्फिन अकरा वेळा आला असेल तर माहीत नाही.

मग मुख. बहुतेक होड्या इथे पाच मिनिटं टेकतात. तुम्ही तासभर मागून घ्या.

या किनाऱ्यावर लाटा वाळूला दक्षिणेकडून ईशान्येकडे ढकलत राहतात. दांडा त्या दिशेने वाढत जातो, मुख पुढे सरकतं आणि अरुंद होतं. विसाव्या शतकाच्या शेवटी ते इतकं दूर गेलं आणि गाळाने इतकं भरलं की समुद्राचं पाणी आत पुरेसं पोचेना. खारटपणा उतरला, मासे घटले, पाणवनस्पती माजल्या. चिलिका 1981 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत होतं. 1993 मध्ये त्याची नोंद धोक्यातल्या पाणथळांच्या माँत्रू यादीत झाली. मग चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर 2000 मध्ये सिपाकुदजवळ दांडा कापून नवं मुख उघडलं. समुद्राची वाट सुमारे 18 किलोमीटरने जवळ आली, मासे परतले, 2002 मध्ये नाव त्या यादीतून निघालं आणि त्याच वर्षी प्राधिकरणाला रामसरचा पुरस्कारही मिळाला. वाळू मात्र थांबलेली नाही. 2019 च्या फानी वादळानेही दांड्याला नवी भगदाडं पाडली. त्यामुळे जुन्या नकाशावर मुख जिथे दाखवलंय तिथे ते सापडेलच असं नाही. नावाड्यालाच विचारा.

आप्पा दांड्यावर उतरले, ओल्या वाळूवरून चालले, मग कोरडीवर चढून उकिडवे बसले. "बाय, हे बघ," म्हणाले, "ह्या अंगाला चढ लांब नि सावकाश, त्या अंगाला एकदम उभा. वारा हिकडनं येतो." वाळूच्या कुठल्याही टेकाडाकडे असं बघा: लांब उतरणीची बाजू वाऱ्याकडची, उभी बाजू वाळू घसरून पडण्याची. टेकाडाच्या पायथ्याला आपल्या कोकणात असते तीच मर्यादवेल, जांभळ्या फुलांची आणि आपट्यासारख्या पानांची. वाऱ्याने आलेली वाळू तिच्यात अडते आणि टेकाड तिथून वाढायला लागतं. म्हणून चालायचं ते ओल्या वाळूवरून. टेकाड ओलांडायचं तर आधीच मळलेल्या वाटेनेच. एकाने वेल तुडवला तर काही दिसत नाही. शंभर जणांनी एकाच जागी तुडवला की तिथून वारा शिरतो आणि खळगा पडतो. लाल खेकडे बघायचे तर वीस पावलं लांब स्वस्थ बसा. पळत गेलात तर फक्त बिळं दिसतील.

इथेच एक जण बादली घेऊन येतो. शिंपला फोडतो, आतून 'मोती' काढतो आणि तुमच्या नशिबाचं कौतुक करतो. पहिल्या खेपेला मी दोन घेतले. घरी आल्यावर एकाचा रंग आईच्या पदराला लागला. शिंपला उघडायच्या आधी त्याची बोटं बघा, एवढंच सांगते.

दुसरा दिवस बालुखंडसाठी. पुरी-कोणार्क रस्त्यालगत सुमारे 72 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य 1984 पासून आहे. सगळं समुद्रकाठच्या वाळूवर उभं, सुरूच्या आणि काजूच्या झाडांचं. कोणार्कला धावणारे लोक गाडीच्या काचेतून बघतात आणि त्यांना वाटतं, सुरूची बाग आहे. ही सुरू माणसाने लावलेली आहे, वाळू अडवायला. फानीने यातली झाडं ओळीने आडवी केली. चितळं आहेत. काळवीट इथून नाहीसे झाले होते, 2023 मध्ये पुन्हा आणून सोडले. आत जायचं तर वन खात्याची परवानगी घ्या. ती नसेल तर रस्ता सोडू नका. कोणार्कच्या अलीकडे रामचंडीला मात्र उतरा. कुशभद्रा नदी तिथे समुद्राला मिळते आणि देवळामागे वाळू, नदी, लाट तिन्ही एकाच नजरेत येतात. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवंही अंडी घालायला चढतात, म्हणून रात्री पुळणीवर टॉर्च फिरवत हिंडू नका. समुद्रात उतरू नका, ओढ वाईट आहे. हे आप्पांनी लाटांकडे बघूनच सांगितलं, आणि त्यांचं या बाबतीत मी ऐकते.

मंगळाजोडी. इथे इंजिनाची होडी नाही, बांबूने रेटायची. वाटाड्यांपैकी काही जण पूर्वी पक्षी मारायचे, आता तेच राखतात. म्हणूनच कुठल्या बेचक्यात काय बसलंय ते त्यांना दुर्बिणीशिवाय दिसतं. सहाच्या आत होडीत बसा. खाकी किंवा मातकट कपडे, 8 बाय 42 ची दुर्बीण, बिस्किटाचा कागद खिशात. जांभळ्या पाणकोंबड्या, शेकाटे, चक्रवाक, तलवार बदकं आम्हाला हाताच्या अंतरावर वाटावीत इतकी जवळ दिसली. चिलिकातलं नळबण बेट, म्हणजे बोरूचं बन, 15.53 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, हिवाळ्यात उघडं पडतं. तिथे उतरायला बंदी आहे, लांबूनच बघायचं. जानेवारीच्या गणतीत अलीकडे चिलिकात दहा लाखांच्या वर पक्षी भरतात. "उतरू द्या ना, पैसे देतो" म्हणणाऱ्यांपैकी होऊ नका. ड्रोनचंही तेच.

बालुगावला खेकडा खा. आमच्याकडच्यापेक्षा तिखट कमी आणि मोहरी जास्त. आप्पांना आवडला नाही. मला फार आवडला.

परतीला आम्ही कोणार्क एक्सप्रेस घेतली. ती भुवनेश्वरहून दुपारी सुटते आणि बालुगावच्या पुढे रूळ चिलिकाला चिकटून जातो. डाव्या हाताची खिडकी मागून घ्या. आमच्या जागा उजवीकडे होत्या, म्हणून आप्पा रंभा येईपर्यंत दारापाशी उभे राहिले आणि मी मागून त्यांचा सदरा धरून.